फाटक्या पुस्तकाला ठराव, धडधाकट पुस्तकाला फोन

आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल मॅडमच्या खुर्चीमागं एक गोदरेजचं कपाट आहे. त्यात काय काय असतं म्हणाल तर दाखल रजिस्टरं, पावती पुस्तकं, ऑडिटच्या फायली, इस्त्री करून घडी घातलेला झेंडा, कुठल्यातरी सत्कारातनं उरलेल्या दोन शाली आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात नारळाच्या पिशवीखाली एक पुस्तक. पुस्तक चांगलं आहे, म्हणजे अवस्थेनं चांगलं आहे. बाइंडिंग घट्ट, एक पान सुटलेलं नाही, पाठीवरची नंबरची चिठ्ठी पण शाबूत. फक्त गेली दोन वर्षं ते कुणाला मिळत नाही.

पुस्तकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळी गाडी त्या पुस्तकावर जाते, लेखक कोण, कुठल्या जातीचा, कुणाच्या सांगण्यावरनं लिहितो, आणि मला बोलायचंय ते राहूनच जातं. मला कपाटाबद्दल बोलायचंय.

झालं असं की एका संध्याकाळी पाच-सहा पोरं आली, सोबत एक मोठा माणूस. मोबाईलवर एका पानाचा फोटो, त्यातल्या चार ओळींभोवती लाल गोल. हे पुस्तक तुमच्यात आहे का म्हणाले. मॅडमनी रॅकवरनं काढून दिलं, त्यांचं कामच ते. पोरांनी १४२ नंबरचं पान उघडलं तर तिथं भलतंच काहीतरी, पावसाचं वर्णन. आवृत्ती वेगळी होती ना. मग पुढं-मागं पानं उलटली, दहा मिनिटं शोधलं, त्या ओळी काय सापडल्या नाहीत. त्यातला एकजण तर शोधता शोधता दोन पानं वाचत उभा राहिला, त्याला दुसऱ्यानं ढोसलं. शेवटी मोठा माणूस म्हणाला, "असू दे, पण हे इथं ठिवू नका." आणि गेले. दमदाटी नाही, तोडफोड नाही, पाणी पिऊन गेले. रात्री आमच्या अध्यक्षांना, आप्पांना, कुणाचातरी फोन आला आणि आप्पांनी मॅडमना फोन केला, "तेवढं एक आत ठेवा, उगं वाद नको."

झाली बंदी. मी कमिटीवर सहकार्यवाह, मला हे कळलं तीन महिन्यांनी, ग्रंथमोजणीच्या वेळेला. मोजणीत ते पुस्तक 'उपलब्ध' म्हणून टिक झालं बरं का! दाखल नंबर आहे, किंमत आहे, शिक्का आहे. कागदावर आमच्याकडं ते पुस्तक आहेच. सरकारच्या अनुदानाच्या हिशेबात पण ते मोजलं जाणार.

आता गंमत बघा. वाचनालयातलं पुस्तक फाटलं, वाळवीनं खाल्लं, तर ते रद्दीत घालायला काय करावं लागतं हे कमिटीवर बसलेल्या कुणालाही विचारा. यादी करायची, दाखल नंबर लिहायचे, कारण लिहायचं, मीटिंगपुढं ठेवायचं, ठराव करायचा, रजिस्टरला लाल शाईनं नोंद. निर्लेखन म्हणतात त्याला. चाळीस रुपयांचं कुजलेलं पुस्तक बाद करायला आम्ही अर्धा तास चर्चा करतो, सूचक कोण अनुमोदक कोण हे लिहितो. आणि धडधाकट पुस्तक वाचकाच्या हातातनं काढून घ्यायला काय लागलं तर एक फोन. ना अर्ज, ना सही, ना कारण, ना तारीख. उद्या आप्पा नसतील, मॅडम रिटायर होतील, नवीन माणूस कपाट उघडेल तेव्हा त्याला कळणारसुद्धा नाही की हे पुस्तक इथं का आहे, त्याला वाटेल कुणाचं तरी विसरलेलं असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी पुढं घोळून घोळून सांगणार आहे, वाचनालयातनं पुस्तक काढायचंच असेल तर उजेडात काढा, नावानिशी काढा, कारण लिहून काढा. आणि माझा अनुभव असा की लिहायची वेळ आली की दहातली नऊ कारणं लिहिता येत नाहीत.

लोकांना वाटतं बंदी म्हणजे सरकार घालतं. घालतं की. पण सरकारला सुद्धा रीत आहे. पुस्तक जप्त करायचं तर पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं, कलम ९५ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ९८. त्यात राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते, आपल्या मताची कारणं त्यात द्यावी लागतात, आणि ज्याचा संबंध आहे असा कुणीही दोन महिन्यांच्या आत हायकोर्टात जाऊ शकतो आणि तिथं तीन न्यायाधीश ते ऐकतात. तीन! खुनाच्या अपिलाला दोन बसतात. म्हणजे कायदा करणाऱ्यांना सुद्धा वाटलं होतं की पुस्तक उचलणं ही साधी गोष्ट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये एकदम २५ पुस्तकं जप्तीला काढली, मला ते अजिबात पटलेलं नाही, पण निदान यादी होती, आदेश होता, सही होती, त्याविरुद्ध कोर्टात जाता येत होतं. आप्पांच्या फोनविरुद्ध मी कुठं जाऊ?

जेम्स लेनचं प्रकरण आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. महाराजांवरचं पुस्तक, त्यातला मजकूर वाचून माझंही डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू. प्रकाशकानं नोव्हेंबर २००३ मध्ये पुस्तक बाजारातनं मागं घेतलं होतं, तरी ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. संस्थेनं ते पुस्तक लिहिलेलं नव्हतं, छापलेलं नव्हतं. तिथं बसून त्या माणसानं वाचलं होतं, त्याला तिथल्या लोकांनी मदत केली होती, एवढाच काय तो संबंध. म्हणजे लायब्ररीनं एका माणसाला पुस्तकं काढून दिली यासाठी लायब्ररी फोडली, कपाटं पाडली, जुन्या पोथ्या विस्कटल्या. ज्यांच्या नावानं हे केलं त्यांच्या काळातली कागदपत्रं सांभाळणारी जागा ती! पुढं सरकारनं बंदी घातली, ती २००७ साली मुंबई हायकोर्टानं रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचं बरोबर धरलं. पण त्या पुस्तकावरनं वाचनालयांनी जो धडा घ्यायचा तो कोर्टाकडनं घेतलाच नाही, जमावाकडनं घेतला. कोर्टाचा निकाल आमच्या गावापर्यंत पोचत नाही, फुटलेल्या काचेचा फोटो पोचतो.

आणि वरनं पण असंच खाली झिरपत येतं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं एका अनुवादित पुस्तकाला पुरस्कार जाहीर केला आणि सहा दिवसांत जीआर काढून रद्द केला. पुस्तकावर बंदी नव्हती, दुकानात मिळत होतं. पण ग्रंथखरेदीच्या यादीवर नाव लिहिताना आमच्यासारख्या अनुदानावर जगणाऱ्या कमिटीतला माणूस दोनदा विचार करतोच की, अनुदानाचा हप्ता आधीच उशिरा येतो, त्यात कशाला. अशी न लिहिलेली नावं किती असतील त्याचा हिशेब कुठल्या रजिस्टरात सापडणार?

माझी भाची टेक्सासमध्ये असते. तिला हे सांगितलं तर ती हसली, म्हणाली मामा आमच्याकडं या मग. तिकडं लानो नावाची एक काउंटी आहे, म्हणजे आपला तालुकाच समजा, तिथल्या सार्वजनिक लायब्ररीतनं १७ पुस्तकं काढली. त्यात वर्णद्वेषाच्या इतिहासावरची पुस्तकं होती, वयात येणाऱ्या पोरांसाठीची होती, आणि लहान मुलांची ढुंगणावरची नि पादण्यावरची विनोदी पुस्तकं पण होती. (आमच्या शाळेत हा विषय पुस्तकाविनाच चालायचा.) वाचकांनी २०२२ मध्ये केस टाकली. खालच्या कोर्टानं पुस्तकं परत ठेवा म्हटलं तर काउंटीच्या लोकांनी पुस्तकं ठेवण्यापेक्षा लायब्ऱ्याच बंद कराव्यात का यावर मीटिंग घेतली, खरंच घेतली, २०२३ मध्ये. शेवटी चालू ठेवल्या. पण मे २०२५ मध्ये अपील कोर्टानं १० विरुद्ध ७ असा निकाल दिला की लायब्ररीतनं पुस्तक काढलं म्हणून वाचकाला हक्क सांगत कोर्टात येता येणार नाही (लायब्ररीत कुठली पुस्तकं ठेवायची हा सरकारचा स्वतःचा आवाज आहे असं पण त्यातल्या काही न्यायाधीशांनी म्हटलं), आणि डिसेंबरात तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यात लक्ष घालायला नकार दिला. त्याच सुप्रीम कोर्टातल्या काही न्यायाधीशांनी १९८२ साली एका शाळेच्या केसमध्ये, बहुमत झालं नव्हतं तरी, साधारण उलटं म्हटलं होतं, पुस्तकातले विचार आवडत नाहीत म्हणून शाळेच्या लायब्ररीतनं ते उचलता येणार नाही असं. 'पेन अमेरिका' या लेखकांच्या संस्थेनं २०२३-२४ या एका वर्षात तिथल्या शाळांतनं पुस्तकं काढल्याच्या १०,०४६ नोंदी मोजल्या.

मला लानोच्या त्या निकालातलं एक वाक्य फार लागलं, कारण ते अगदी आप्पांचंच वाक्य आहे. न्यायाधीशांनी लिहिलंय त्याचा भावार्थ असा की जरा दमानं घ्या, कुणी पुस्तकं जाळत नाही, लायब्ररीत नसेल तर ऑनलाइन मागवा, दुकानातनं घ्या, मित्राकडनं आणा. आप्पा पण हेच म्हणाले मला, "अरे ज्याला पाहिजे त्यो घेतोय की विकत. अ‍ॅमेझॉनवर बघ जा."

घेतोय की. मी घेतो. मला चारशे रुपये जड नाहीत. पण आमच्या वाचनालयाची वर्गणी महिना तीस रुपये आहे आणि ती सुद्धा थकवणारे सभासद आहेत. दुपारी तीन ते पाच कोण येतं बसायला ते बघा एकदा. पेपर वाचायला आलेले दोन म्हातारे, एमपीएससी करणारी सात-आठ पोरं, घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून आलेल्या मुली, आणि शेतमजुरी करणारी एक बाई जी आठवड्याला दोन कादंबऱ्या नेते, ठरलेला वार, मंगळवार, बाजार नसतो म्हणून. पुस्तकाचं दुकान म्हणजे सांगली, जाऊन येऊन एसटीचं भाडं, अर्धा दिवस, बुडालेला रोज. बाहेर मिळतंय हे तिला सांगून दाखवा. पुस्तक कपाटात घातल्यानं माझं काही बिघडत नाही, त्या पोरांचं पण काही बिघडत नाही, जिला दुसरीकडनं मिळणारच नाही तिचीच तेवढी वाट बंद होते. श्रीमंतावर बंदी लागतच नाही हो.

आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे पाच नियम ग्रंथालयाच्या सर्टिफिकेट कोर्सला पाठ करून घेतात, १९३१ सालचे आहेत. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. आमच्या मॅडमना तोंडपाठ आहेत, परीक्षेला सत्तरच्या वर मार्क होते म्हणतात. पण पगार काय आहे त्यांचा ते लिहायला मला लाज वाटते, त्यामुळं त्यांनी एकटीनं उभं राहून पाच-सहा जणांना नियम ऐकवावेत अशी अपेक्षा मी करणार नाही. त्या नियमांच्या मागं उभं राहणं हे कमिटीचं काम होतं आणि कमिटीनं फोन उचलला.

आता 'पोरं बिघडतात' हा मुद्दा. हा मी थट्टेवारी नेत नाही, मला पण मुलगी आहे. दहा वर्षांच्या पोरीच्या हातात कुठलंही पुस्तक द्यावं असं मी म्हणत नाही, म्हणून तर बालविभाग वेगळा असतो, कार्ड वेगळं असतं. माझ्या पोरीनं काय वाचावं यात मी लुडबुड करणार, बाप आहे. पण शेजारच्या पोरीनं काय वाचावं हे ठरवायला मला कुणी नेमलेलं नाही, आणि पन्नास वर्षांच्या बाप्यानं काय वाचावं हे ठरवायला तर कुणालाच नाही. आणि बिघडण्याचं म्हणाल तर माझी आई लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आजीला कादंबऱ्यांचा भारी राग. कादंबऱ्या वाचून बायका चुलीवरचं विसरतात म्हणायची. आई वाचनालयाच्या पुस्तकाला पेपरचं कव्हर घालायची, वर पोथीचं नाव लिहायची, आणि दुपारी वाचत बसायची. आजीला वाटायचं सून भक्तिभावाची. आजी गेल्यावर किती वर्षांनी आईनं हे सांगितलं, हसून सांगितलं, पण मला तेव्हा हसू आलं नव्हतं. आपल्याच घरात वीस वर्षं चोरून वाचायचं म्हणजे काय. आई काही बिघडली नाही, दूध उतू गेलं असेल दोन-चारदा.

आणि आणखी एक. आज जो आवाज करतोय त्याच्या आवडीचा माणूस काल यादीवर होता हे आपल्याकडं इतक्यांदा झालंय की आता तरी कळायला पाहिजे. सावरकरांचं १८५७ वरचं पुस्तक इंग्रजांनी १९०९ मध्ये छापून व्हायच्या आधीच बंद केलं, ते १९४६ पर्यंत बंद होतं. लोक ते चोरून वाचायचे. बाबासाहेब आंबेडकरांनी वकील म्हणून संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांची बाजू घेतली, 'समाजस्वास्थ्य' मासिक अश्लील आहे म्हणून खटला होता तेव्हा. केस हरली, कर्व्यांना दंड झाला. आणि १९८७-८८ साली खुद्द बाबासाहेबांच्या लेखनाच्या खंडावरनं मुंबईत मोर्चे निघाले, तो खंड तर राज्य सरकारनंच छापलेला. ज्याला ज्याचा राग त्यानं त्याचं पुस्तक काढायचं ठरवलं तर आमच्या वाचनालयात शेवटी पाककृती आणि पंचांग राहील, पंचांगावर पण दोन मतं आहेत.

कराड इथनं लांब नाही. डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, तिथं साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष कराडचेच यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. दुर्गाबाई तिथं आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढं १९७६ मध्ये तुरुंगात गेल्या. त्या संमेलनाला गेलेले आमच्या गावातले दोघंतिघं अजून ते सांगतात, छाती फुगवून सांगतात. त्यातलेच एक आमचे आप्पा. हे मी त्यांना तोंडावर म्हणलं तर म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं." काय वेगळं ते काय सांगितलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईनं आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडलं तेव्हा सांगलीत जिल्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली, आमच्या वाचनालयात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तर खालचे तीन कप्पे म्हणजे नुसता लगदा, पुस्तक उचलायला जावं तर हातात पुठ्ठा यायचा आणि आतनं काळं पाणी गळायचं. वास तर अजून नाकात आहे. गावातली पोरं आठ दिवस आमच्याबरोबर चिखल काढत होती, ज्या पुस्तकांत जीव होता ती शाळेच्या पटांगणात दोरीवर वाळत घातली होती, पानं एकमेकाला चिकटू नयेत म्हणून बायका मध्ये रद्दी पेपर घालत होत्या. तुकोबांची गाथा वर आली म्हणतात, आमची दोन हजार पुस्तकं काय वर आली नाहीत. लोक रडले तेव्हा. मग महाराष्ट्रातनं कुठनं कुठनं खोकी आली, अनोळखी माणसांनी पाठवलेली, आत चिठ्ठी, "सांगलीच्या वाचकांसाठी".

कपाटातलं ते पुस्तक त्या खोक्यांतलं आहे. आत पहिल्या पानावर पाठवणाऱ्याची सही आहे.

आणि त्या संध्याकाळी आलेल्या पोरांतली दोघं चिखल काढायला पण होती. मी ओळखतो त्यांना. चांगली पोरं आहेत, मी त्यांना शत्रू मानत नाही. पाण्यानं पुस्तक नेलं तर ते नुकसान, आणि आपण कपाटात घातलं तर ती समजूतदारी, हे कुणी शिकवलं त्यांना? आम्हीच की, फोनवर.

एक गोष्ट कबूल करतो. वाचनालय म्हणजे गोडाऊन नव्हे, पैसा थोडा, रॅक थोडे, निवड करावी लागते. एखादं पुस्तक न घेणं आणि घेतलेलं लपवणं यात फरक आहे. जुनं झालेलं, चुकीची माहिती असलेलं, दहा वर्षांत कुणी न नेलेलं पुस्तक खुशाल बाद करा, ठराव करून. आणि एखाद्या सभासदाला तक्रार असेल तर तो हक्क त्याचाच, मी नाही कसा म्हणू. म्हणून मी मागच्या मीटिंगला एक साधा अर्जाचा कागद मांडला, एकच पान. तक्रारदाराचं नाव, सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव, पान नंबर, पुस्तक पूर्ण वाचलंय का हो किंवा नाही, तक्रार काय, सही. अर्ज आला की कमिटीतल्या तिघांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यायचं, आणि तोपर्यंत पुस्तक रॅकवरच राहील. शेवटच्या ओळीवर पाऊण तास भांडण झालं. आप्पा म्हणाले तोपर्यंत आत ठेवू की. मी म्हणलं आप्पा, 'तोपर्यंत' म्हणूनच दोन वर्षं झाली. शेवटी पाच विरुद्ध तीन मंजूर झालं. आप्पा विरोधात होते पण प्रोसिडिंगवर सही केली त्यांनी, आणि जाताना पुस्तक मागितलं, म्हणाले बघू तरी काय आहे ते. दोन वर्षांत त्यांनीही उघडलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी परत आणून दिलं. वाचलं का विचारलं तर म्हणाले, "पावसाचं लई भारी लिहिलंय."

मॅडमनी ते जमा करून घेतलं, कार्ड भरलं आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. कुठं ठेवू म्हणाल्या. म्हणलं होतं तिथं. तर म्हणाल्या तिथली जागा भरली सर, त्या कप्प्यात पोलीस भरतीचे गाईड लावलेत. मग दोघांनी मिळून गाईडं जरा दाबून बसवली.